नोकरीआधीची औषधांच्या गणिताची परीक्षा: तयारी कशी करू?

बकुळ_हडपसर
३ जून, रात्री ११:५२

नमस्कार. वाचक म्हणून इथे जुनी आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स. गाव इंदापूर तालुक्यातलं. गेली दोन वर्षं हडपसरला एका तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. आता पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधून बोलावणं आलंय. मुलाखतीच्या आधी औषधांच्या गणिताची लेखी परीक्षा आहे. २० गणितं, ३० मिनिटं, कॅल्क्युलेटर चालणार नाही. १८ बरोबर आली तरच पुढे मुलाखत. परीक्षा १५ तारखेला आहे.

चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात अशीच परीक्षा दिली होती. २० पैकी ११ आले. त्यातलं एक गणित अजून डोळ्यांसमोरून जात नाही. हेपारिनची वायल (औषधाची छोटी बाटली), ५ मिलीत २५००० युनिट. ऑर्डर ३००० युनिट. किती मिली काढाल? मी ६ मिली लिहिलं. पेपर तपासणाऱ्या सिस्टरांनी त्या ६ भोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, "वायलमध्ये आहेच मुळी ५." बसमधून परत येताना तो कागद मी तीनदा उघडून बघितला.

इंजेक्शनं तर मी रोज देते. पण आमच्याकडे डॉक्टर "अर्धी अँप्यूल दे", "दोन सीसी दे" असंच सांगतात, हिशोब करायची वेळच येत नाही. कागदावर गणित आलं की मला काही सुचत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणिताची भीती तेव्हापासूनची. सध्या नाईट चालू आहेत, दिवसा झोपून उठल्यावर तीनेक तास मिळतात. कुठून सुरुवात करू? काय काय विचारतात? ज्यांनी अशी परीक्षा दिलीय त्यांनी प्लीज सांगा.

शेवंती
४ जून, सकाळी ७:१०

मीही याच तयारीत आहे, वाचतेय. बकुळ, चार महिन्यांनी पुन्हा बसतेयस हेच खूप आहे. माझ्या दोन मैत्रिणींनी एकदा नापास झाल्यावर परत अर्जच केला नाही.

पहाटपाळी
४ जून, दुपारी ३:३५

बकुळ, मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली बरीच आयसीयूत गेली. असे पेपर काढलेत आणि तपासलेतही. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

आधी तुझ्या त्या ६ मिलीचं बघू. भागाकार तुला येत होता, दशांशचिन्ह निसटलं. पण पेन उचलायच्या आधी ती वायल डोळ्यांसमोर आणली असतीस, तर ६ हा आकडा कागदावर उतरलाच नसता. ५ मिलीत २५०००, म्हणजे १ मिलीत ५०००. ऑर्डर ३००० ची. म्हणजे उत्तर १ मिलीच्या आत आणि अर्ध्या मिलीच्या वर. एवढं मनाशी ठरलं की मग मांड: हवा असलेला डोस, भागिले हातातला डोस, गुणिले तो डोस जितक्या मिलीत आहे तेवढे मिली. ३००० ÷ २५००० × ५ = ०.६ मिली.

आधी अंदाज, मग आकडेमोड. पंधरा तारखेपर्यंत ही एकच सवय लागली तरी तुझे निम्मे मार्क परत येतील.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, मुलांचा वॉर्ड, पहाटेची वेळ. एका तान्ह्या बाळाला डिगॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम द्यायचं होतं. अँप्यूल २ मिलीची, तिच्यात ०.५ मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करताना मी एक शून्य खाल्लं. अँप्यूल फोडली, २ मिली भरले, सिरिंज किडनी ट्रेमध्ये ठेवली आणि बाळाकडे निघाले. सीनियर सिस्टरांनी ट्रेकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराला अख्खी अँप्यूल?" मी जागच्या जागी थांबले. द्यायचं होतं ०.२ मिली. दहापट भरलं होतं. त्यांनी गणित केलंच नव्हतं, नुसती सिरिंज बघितली होती. ती नजर तुला यायला हवी.

पेपरात काय येतं म्हणशील तर: ग्रॅम-मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम एकमेकांत बदलणं, गोळ्या किती, वायलमधून किती मिली, सलाईनचे मिनिटाला थेंब, सिरिंज पंपाचा (सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने देणाऱ्या यंत्राचा) तासाचा वेग, वजनावरून मुलांचे डोस, टक्केवारी आणि इन्सुलिन. याच्या बाहेर सहसा जात नाहीत. युनिट एक केल्याशिवाय सूत्रात काहीही घालायचं नाही. ऑर्डर मायक्रोग्रॅममध्ये आणि लेबल मिलिग्रॅममध्ये हा सापळा प्रत्येक पेपरात असतो. मी स्वतः ठेवायचे.

ही पाच कर आणि इथेच लिही. फक्त उत्तर नको, अंदाजही लिही.

१) जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम. अँप्यूल २ मिलीत ८० मिलिग्रॅम.
२) एनएस (साधं सलाईन) ५०० मिली, ४ तासांत. सेट (सलाईनची नळी) मिलीला २० थेंबांचा.
३) ११ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम.
४) डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, वजन ६० किलो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम. तासाला किती मिली?
५) अॅड्रेनालिन १:१०००. हवंय ०.५ मिलिग्रॅम.

ही गणितं सरावासाठी आहेत. वॉर्डात डॉक्टरांची ऑर्डर आणि हातातल्या औषधाचं लेबल, या दोनच गोष्टी खऱ्या.

रोखठोक
४ जून, संध्याकाळी ६:०२

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. मीही मेल नर्स आहे. आता सगळीकडे पंप आहेत, मोबाईल आहेत. नाईटला एका सिस्टरकडे पंधरा-पंधरा पेशंट देता आणि चूक झाली की म्हणता हिला गणित येत नाही. खऱ्या चुका दमल्यामुळे होतात. एका रात्री तीन अॅडमिशन्स एकदम आल्या की कोण अंदाज घेत बसतं? आधी माणसं वाढवा, मग पेपर घ्या.

पहाटपाळी
४ जून, रात्री ८:४५

रोखठोक, माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं. यासाठी मी मेट्रनच्या (नर्सिंग प्रमुखांच्या) ऑफिसात भांडलेली आहे आणि पुढेही भांडेन. पण पंपाचं म्हणाल तर, पंप आपण सांगू तो आकडा चालवतो. ४.५ च्या जागी ४५ टाकलं तर तो ४५ ने चालेल, आणि शांतपणे चालेल. दमलेल्या माणसाला तर अंदाजाची सवय जास्त उपयोगी पडते, कारण तीन अॅडमिशन्सच्या रात्री कागद-पेन घ्यायला खरंच वेळ नसतो.

हेपारिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराईड अशी धोक्याची औषधं देण्याआधी दुसऱ्या सिस्टरकडून ताडून घ्यायची असतात. ताडणाऱ्या सिस्टरला स्वतःला हिशोब येत नसेल तर ती सही कशावर करणार?

बकुळ_हडपसर
५ जून, दुपारी २:२०

पहाटताई, तुमचा तो डिगॉक्सिनचा प्रसंग रात्री ड्यूटीवर जाईपर्यंत डोक्यात होता. उत्तरं लिहिते.

१) ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे २ मिलीच्या आत. १.५ मिली.
२) अंदाज कसा घ्यायचा कळलं नाही. ५०० × २० ÷ २४० = ४१.६, म्हणून ४२ थेंब.
३) १५ × ११ = १६५ मिलिग्रॅम. १२५ पेक्षा जास्त, म्हणजे ५ मिलीच्या वर. ६.६ मिली.
४) ५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम = ०.३ मिलिग्रॅम. ५० मिलीत २०० म्हणजे १ मिलीत ४. ०.३ ÷ ४ = ०.०७५ मिली तासाला.
५) १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. ०.५ मिली.

पहाटपाळी
५ जून, दुपारी ४:०५

चार बरोबर. आता चौथ्याकडे बघ. तासाला ०.०७५ मिलीने ५० मिलीची सिरिंज किती दिवस पुरेल?

बकुळ_हडपसर
५ जून, दुपारी ४:३१

५० ÷ ०.०७५ = ६६६ तास. जवळजवळ अठ्ठावीस दिवस!! असं कसं असेल. एक सिरिंज साधारण अर्धा-पाऊण दिवस जाते.

कळलं. डोस मिनिटाचा होता, मी तो तासाचा धरला. ०.३ मिलिग्रॅम मिनिटाला, म्हणजे तासाला १८. १८ ÷ ४ = ४.५ मिली.

पहाटपाळी
५ जून, दुपारी ४:४०

बघ, चूक मी दाखवली नाही. सिरिंज किती वेळ पुरेल एवढंच विचारलं, बाकी तुझं तूच केलंस. परीक्षेत हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

पाटी_पेन्सिल
५ जून, रात्री ९:१५

मी नर्सिंगमधला नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही.

बकुळताई, मराठी माध्यमाचं तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंत, ते मनाला लागलं. तुमचं हे "हवा असलेला डोस भागिले हातातला डोस" म्हणजे आपलं जुनं त्रैराशिक. इतक्याला इतकं, तर तितक्याला किती? तुमच्या आजोबांनी बाजारात हेच केलं असेल. आणि मराठीत अपूर्णांकांना जी घरगुती नावं आहेत ती या कामी फार उपयोगाची आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. तुमचं पहिलं गणित बघा. ८० मध्ये ६० म्हणजे पाऊण. २ मिलीचे पाऊण म्हणजे दीड. झालं. कागद लागलाच नाही.

पूर्वी मुलांकडून अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) पाठ करून घ्यायचे. त्यातल्या पाऊणकी, दिडकी आणि अडीचकी तीनच जरी दहापर्यंत पाठ केल्यात तरी कॅल्क्युलेटर नसल्याचं काही वाटणार नाही.

दुसऱ्या गणिताचा अंदाज. मिलीला २० थेंब आणि तासाची ६० मिनिटं. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. म्हणून २० थेंबांच्या सेटला तासाचे मिली काढा आणि ३ ने भागा. ५०० मिली ४ तासांत, म्हणजे तासाला १२५. त्याचा तिसरा हिस्सा चाळीसच्या थोडा वर. सेट १५ थेंबांचा असेल तर ४ ने भागा. ६० थेंबांचा असेल तर भागायचंच नाही, तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब.

आणि एक. भागाकार करण्याआधी वरची-खालची शून्यं सारखी काटा. १०००० ÷ २४० करण्यापेक्षा १००० ÷ २४ करताना हात कमी थरथरतो.

शेवंती
५ जून, रात्री ९:४०

सर, आमच्याकडे मायक्रोसेटला (६० थेंबांच्या सेटला) "जेवढे मिली तेवढे थेंब" असं सगळ्या सिस्टर तोंडपाठ म्हणतात. का ते आज कळलं. मनापासून धन्यवाद.

औषधवाला
६ जून, सकाळी ११:२५

फार्मासिस्ट आहे, सदाशिव पेठेत दुकान. इन्सुलिनबद्दल सविस्तर लिहितो, कारण काउंटरवर यातला गोंधळ मी रोज बघतो.

आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल बहुतेक मिलीला ४० युनिटच्या असतात आणि इन्सुलिन पेनाच्या कार्ट्रिज मिलीला १०० युनिटच्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. वायल आणि सिरिंज जुळली तर गणितच नाही, २० युनिट म्हणजे २० ची रेघ. जुळली नाही की घोळ. ४० ची वायल आणि चुकून केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर औषध आलं ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आलं ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. पेशंट हायपोत जाणार, म्हणजे साखर एकदम खाली. फरक दोन्हीकडे अडीचपट. गुरुजींची अडीचकी इथे जीव वाचवते. साधी १ मिलीची सिरिंज दिली आणि ४० च्या वायलमधून २० युनिट विचारले, तर उत्तर ०.५ मिली.

टक्क्यांचं एकच वाक्य लक्षात ठेवा: १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. मग झायलोकेन २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलीत २५ ग्रॅम साखर. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, २ मिलीची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. लेबर रूमचा नेहमीचा प्रश्न: त्याचं २० टक्क्यांचं ४ ग्रॅम तयार करा. चार अँप्यूलचे ८ मिली, त्यात १२ मिली एनएस, एकूण २० मिली. पोटॅशियम क्लोराईड १५ टक्के, १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे मिलीला २. ऑर्डर ३० ची असेल तर १५ मिली, आणि तेही सलाईनमध्ये नीट मिसळून, सावकाश. थेट शिरेत कधीच नाही. पेपरात "कसं द्याल" असं विचारलं तर हे वाक्य नक्की लिहा.

उत्तर लिहितानाही जपा. ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही. ५ लिहायचं, ५.० नाही. टिंब पुसट झालं की ५.० चे ५० होतात. युनिटसाठी इंग्रजी यू काढू नका, घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो. "युनिट" असं पूर्ण लिहा.

अंगाई
६ जून, दुपारी १:५०

मी लहान मुलांच्या आयसीयूत आहे. मुलांच्या गणितात दोन ठिकाणी माणसं घसरतात.

एक म्हणजे "प्रति डोस" की "प्रति दिवस". १२ किलोचं मूल, अमॉक्सिसिलिन ४० मिलिग्रॅम प्रति किलो प्रति दिवस, तीन डोसमध्ये विभागून. दिवसाचे ४८०, एका वेळचे १६०. सिरप ५ मिलीत १२५ असेल तर ६.४ मिली. पेपर देणारे निम्मे लोक ४८० वरच गणित करतात आणि १९.२ मिली लिहितात. इतक्या लहान मुलाला एका वेळी जवळजवळ चार चमचे औषध? पहाटताई म्हणतात ती नजर इथे लागते.

दुसरं म्हणजे पावडरच्या वायल. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम, १० मिली करून घेतलं तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम. ८ किलोचं बाळ, किलोला ५०, म्हणजे ४०० मिलिग्रॅम, ४ मिली. पण पावडर स्वतःही जागा घेते, म्हणून किती पाणी घालायचं आणि शेवटी मिलीला किती होतं ते लेबलावर वाचायचं. पेपरात बहुतेक वेळा तयार झालेलं प्रमाण दिलेलं असतं, पाण्याचा आकडा नुसता गोंधळवायला असतो.

नवजात बाळांसाठी औषध पातळ करायचंही विचारतात. जेंटामायसिन २ मिलीत ८०, म्हणजे मिलीला ४०. त्यातलं १ मिली घेतलं, ३ मिली एनएस घातलं, आता मिलीला १०. ऑर्डर १० मिलिग्रॅम, म्हणून १ मिली. प्रत्येक पायरीला सिरिंजवर काय लेबल लावाल ते शेजारी लिहा, म्हणजे मधेच हरवायला होत नाही.

सातासमुद्रापार
६ जून, रात्री १०:३०

पिंपरीला चार वर्षं काम करून आता ब्रिटनमध्ये आहे. बकुळ, हा अभ्यास वाया जात नाही. इथे नोंदणीसाठी जी संगणकावरची परीक्षा असते तिच्यात गणिताचा वेगळा भाग आहे, १५ प्रश्न, ३० मिनिटं. थेंब, गोळ्या, मिली, वजनावरून डोस, सगळं हेच. मी तेव्हा क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची ट्रॉली) समोर ठेवून तयारी केली होती. नाईटला शांत वेळ मिळाली तर ट्रॉलीतली एकेक अँप्यूल हातात घे आणि लेबल वहीत उतरव. नाव, एकूण किती, किती मिलीत, मिलीला किती.

बकुळ_हडपसर
९ जून, सकाळी ९:४५

नाईट संपवून आत्ताच आले. ट्रॉलीचं केलं. अट्रोपिन मिलीला ०.६ मिलिग्रॅम, फ्युरोसेमाइड मिलीला १०, अमिकासिन २ मिलीत ५००, असं चौतीस औषधांचं वहीत झालं. दोन वर्षं रोज हातात घेतेय, पण अट्रोपिनवर ०.६ लिहिलंय हे मी नीट वाचलंच नव्हतं. १ मिलिग्रॅम मागितलं तर एक अँप्यूल पुरत नाही, १.६७ मिली लागतं.

आणि एक सांगायचंय. फ्रिजशेजारच्या कप्प्यात हेपारिनच्या दोन वायल एकाच खोक्यात होत्या. दोन्ही ५ मिलीच्या, दिसायला जवळपास सारख्या. एक ५००० ची, दुसरी २५००० ची. मी दोन्ही हातावर घेऊन ट्यूबलाइटखाली धरल्या तेव्हा फरक दिसला. ३००० युनिटला एकीतून ३ मिली, दुसरीतून ०.६. सकाळी इन्चार्ज सिस्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच वेगवेगळ्या डब्यांत ठेवून लाल मार्करने लिहायला सांगितलं. मी त्यांना परीक्षेचं सांगितलेलं नव्हतं, पण आज सांगून टाकलं. म्हणाल्या, शेवटच्या दोन नाईट बदलून देते.

अजून गणितं द्या. पाऊणकी झाली, अडीचकी सातपर्यंत आलीय.

पहाटपाळी
९ जून, संध्याकाळी ५:१५

त्या दोन वायल वेगळ्या केल्यास, हे पेपरातल्या कोणत्याही गणितापेक्षा मोठं काम झालं.

घे. नॉरअॅड्रेनालिन ५० मिलीत ४ मिलिग्रॅम. ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, वजन ६४ किलो. आणि दुसरं: १००० मिली सलाईन ८ तासांत जायचं होतं, सकाळी ९ ला सुरू केलं. १ वाजता बघितलं तर ६०० मिली शिल्लक. सेट २० चा. वेळेत संपवायचं तर किती थेंब?

बकुळ_हडपसर
९ जून, संध्याकाळी ६:५०

पहिलं: ५० मिलीत ४००० मायक्रोग्रॅम, मिलीला ८०. ०.१ × ६४ = ६.४ मिनिटाला, तासाला ३८४. ३८४ ÷ ८० = ४.८ मिली तासाला. सिरिंज दहा तासांच्या आसपास पुरेल, म्हणजे जुळतंय.

दुसरं: ४ तास उरले, ६०० मिली, तासाला १५०, भागिले ३, ५० थेंब.

पहाटपाळी
९ जून, संध्याकाळी ७:०५

दोन्ही बरोबर. पण दुसऱ्यात एक विचारते. ५० थेंब लावून तू निघून जाशील?

बकुळ_हडपसर
९ जून, संध्याकाळी ७:३०

नाही... मागे पडलेलं सलाईन पळवण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. पेशंट हार्टचा किंवा किडनीचा असेल तर धाप लागेल. आणि मागे का पडलं तेही बघायला हवं, सुईची जागा सुजली असेल, हात दुमडला असेल.

रोखठोक
९ जून, रात्री ८:१०

बकुळ, हे उत्तर पेपरातही लिही, आकड्याच्या खाली. माझं मत आधी सांगितलं तेच आहे, माणसं कमी आहेत. पण पहाटताईंचं पंपाबद्दलचं म्हणणं पटलं. काल ड्यूटीवर जाऊन चालू असलेल्या चारही पंपांचे आकडे उलटे मोजून बघितले. सगळे बरोबर होते. पहिल्यांदाच मोजले.

बकुळ_हडपसर
१७ जून, रात्री १०:१५

सगळ्यांना सांगायला आले. २० पैकी १९.

चुकलेलं गणित थेंबांचं. सेट १५ चा दिला होता आणि मी सवयीने ३ ने भागलं. पेपर उलटून देताना लक्षात आलं, पण वेळ संपली होती. हेपारिन आलं होतं, आकडे वेगळे, वायल तीच. मी आधी पेन्सिलनं कडेला "१ च्या आत" असं लिहिलं आणि मग सोडवलं.

काल मुलाखत झाली. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि अनुभवाचं पत्र बघितलं. मग मॅडमनी माझा पेपर काढला, कडेला लिहिलेले ते अंदाज दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, उत्तर कुठल्या आसपास यायला हवं ते आधी ठरवून घेते. त्यांनी शेजारच्या सिस्टरांना तो कागद दाखवला. १ जुलैला जॉइन व्हायचंय.

पहाटताई, पेपर हातात आला तेव्हा मला तुमची ती किडनी ट्रे दिसत होती. सर, अडीचकी दहापर्यंत पाठ झाली, घरी आईला म्हणून दाखवली. तिला औटकीसुद्धा येते, हे मला माहीतच नव्हतं.

पहाटपाळी
१७ जून, रात्री १०:४०

खूप खूप आनंद झाला बकुळ. जॉइन झालीस की पहिल्या दिवशी वॉर्डातल्या सेटचं पाकीट वाच, २० चे आहेत की १५ चे.

नवी_पालवी
२० जून, सकाळी ८:२०

अख्खा धागा एका दमात वाचला. माझी परीक्षा २८ तारखेला आहे, बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं. मलाही गणिताची धास्ती आहे. मी आजपासून सुरू केलं तर होईल का?

बकुळ_हडपसर
२० जून, दुपारी २:०५

होईल. आठ दिवस आहेत. हेपारिन, ५ मिलीत २५००० युनिट. ऑर्डर ४००० युनिट. पेन उचलू नकोस, आधी सांग: १ मिलीपेक्षा जास्त की कमी?

नवी_पालवी
२० जून, दुपारी २:११

कमी. पण थोडंसंच कमी. ०.८?

आणि ती पाऊणकी-अडीचकीवाली पाढ्यांची पुस्तकं आता कुठे मिळतात?

पाटी_पेन्सिल
२० जून, दुपारी ४:३०

०.८ बरोबर. अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांच्या दुकानात जा आणि "उजळणी द्या" म्हणा. घेण्याआधी शेवटची पानं उघडून बघा, काहींमध्ये पावकी-निमकी असते, काहींमध्ये नसते.